मॉगॉ बोसेयो म्हणजे खाऊन बघा

आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या कोरियन ऑन्नीनं (ऑन्नी म्हणजे ताई) पहिल्यांदा मला घरी बोलावलं तेव्हा ओट्यापाशीच उभं करून चॉपस्टिकनं किमचीचं एक पान उचललं, दुसरा हात खाली धरला आणि म्हणाली, "मॉगॉ बोसेयो". मी तेव्हा पाच महिने ॲपवरून कोरियन शिकत होते, त्यामुळे वाक्य कळलं, मॉक्ता म्हणजे खाणे, आणि पुढे 'बोदा' लागलं की 'ट्राय करणे' असा अर्थ होतो हे माझ्या वहीत इंग्लिशमध्ये लिहिलेलं होतं, लाल पेननं चौकट वगैरे करून. पण बोदाचा मूळ अर्थ 'बघणे' आहे हेही मला माहीत होतं आणि ते दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून मी कधीच बघितलं नव्हतं. मॉगॉ म्हणजे खाऊन. बोसेयो म्हणजे बघा. खाऊन बघा! अहो हे तर आपलं वाक्य आहे, जसंच्या तसं, आणि मी पाच महिने ते इंग्लिशमधून फिरवून पाठ करत बसले होते. किमची तिखट होती, छान होती, पण माझं सगळं लक्ष त्या वाक्यातच होतं.

हे सगळं सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं, कारण मला मेसेज येतात की कोरियन कुठून शिकलीस, कुठला क्लास. क्लास नाही लावला. मी एका माणसाकडून शिकले आणि त्या बदल्यात तिला मराठी शिकवलं. याला कोरियनमध्ये ऑनो-ग्योह्वान म्हणतात, ऑनो म्हणजे भाषा आणि ग्योह्वान म्हणजे अदलाबदल.

त्याआधी मी ऑनलाइन करून बघितलं होतं. अशी ॲप्स आहेत जिथे तुम्ही तुमची भाषा टाकायची, कुठली शिकायचीय ती टाकायची आणि मग माणसं सापडतात. चांगली माणसंही भेटली, खोटं का बोलू, पण त्या सगळ्यांना माझ्याकडून इंग्लिश हवं होतं, मराठी कुणाला नको होतं, आणि मग अर्धा तास इंग्लिश अर्धा तास कोरियन असं ठरवूनसुद्धा पन्नास मिनिटं इंग्लिशच चालायचं कारण ते दोघांना थोडंतरी येतं. काही जण चार दिवस बोलून गायब व्हायचे. आणि काहींना भाषाबिषा काही शिकायचीच नव्हती, त्यांना फोटो हवे होते, अशांना मी लगेच ब्लॉक केलं आणि मुलींनो तुम्हीही तेच करा, जरासुद्धा संकोच करू नका.

ऑन्नीचं वेगळं होतं. तिच्या मिस्टरांचं काम रांजणगाव एमआयडीसीत. नगर रोडच्या त्या पट्ट्यात कोरियन माणसं बरीच आहेत, एलजीची फॅक्टरी तिथे कित्येक वर्षं आहे, त्यामुळे आमच्या खराडीच्या सोसायट्यांमध्ये लिफ्टमध्ये कोरियन ऐकू येणं काही नवीन नाही. तर एकदा लिफ्टमध्ये मी धीर करून 'आन्न्यॉंग हासेयो' म्हटलं, ती इतकी खूश झाली की तळमजला आला तरी आम्ही बोलतच होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिनं मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की तिला गेटवर हातगाडी लावणाऱ्या भाजीवाल्या मावशींशी बोलायचंय. त्या मावशी रोज तिला काहीतरी विचारतात आणि ही नुसती हसते, आणि नुसतं हसून हसून ती दमली होती. तिला त्या मावशींना उत्तर द्यायचं होतं. म्हणून मराठी. हिंदी शिकलीस तर जास्त ठिकाणी उपयोग होईल असं मीच तिला म्हणाले होते, तर ती म्हणाली मावशी हिंदी बोलत नाहीत. विषय संपला.

मग मंगळवार-शुक्रवार दुपारी चार ते पाच असं ठरलं. मोबाइलवर अर्ध्या तासाचा टायमर, पहिला अर्धा तास कोरियन, दुसरा मराठी, आणि इंग्लिश शक्यतो नाही. अडलं तर चित्र काढायचं, वस्तू दाखवायची.

अक्षरांचं मला फार कौतुक आहे म्हणून ते जरा लिहिते. कोरियाच्या राजा सेजोंगनं 1446 मध्ये ही लिपी, म्हणजे हंगुल, लोकांपुढे आणली, का तर चिनी अक्षरं साध्या माणसांना शिकणं जमत नव्हतं. तेव्हा 28 अक्षरं होती, आज मूळ अक्षरं 24 आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर, आणि 9 ऑक्टोबरला दक्षिण कोरियात या लिपीच्या नावानं सुट्टी असते. लिपीसाठी सुट्टी! मला हे वाचूनच भरून आलं होतं. आणि व्यंजनांचे आकार कसे, तर तो उच्चार करताना तोंडात जे होतं त्याचंच चित्र. न म्हणताना जिभेचं टोक वर लागतं ना, तर न चं अक्षर म्हणजे वर वळलेली जीभ, एक उभी रेघ आणि खाली आडवी. म म्हणजे मिटलेलं तोंड, चौकोन. क मध्ये जिभेची मागची बाजू वर जाऊन घसा अडवते, तर तसाच काटकोन, आणि त्यातच एक रेघ वाढवली की ख. आपण पहिलीत क ख ग घ ङ म्हणतो ते घशातून सुरू होऊन ओठांपर्यंत येतं, कंठ्य तालव्य असं काहीतरी बाई शिकवायच्या, ते मला तेव्हा नुसतं पाठ होतं. ऑन्नीला मी आपली वर्णमाला क पासून म पर्यंत बोटानं गळा, टाळू, दात, ओठ दाखवत म्हणून दाखवली तर ती टेबलवर हात आपटून म्हणाली, "सेजोंग, सेजोंग!"

म्हणून सांगते, कोरियन शब्द इंग्लिश स्पेलिंगमध्ये लिहून ठेवू नका. मी पहिले दोन महिने तेच केलं आणि ते सगळे उच्चार नंतर पुसायला लागले. पहिल्या आठवड्यातच लिपी शिका, अगदीच गरज लागली तर देवनागरीत लिहा. पण देवनागरीतही सगळं बसत नाही. भाताला आणि एकूणच जेवणाला जो शब्द आहे तो 'पाप' आणि 'बाप' यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि शेवटचं अक्षर ओठ मिटून तिथेच थांबवायचं, सोडायचं नाही. आपल्या कानाला क आणि ग ही दोन वेगळी अक्षरं, त्यांच्यासाठी तो एकच, शब्दाच्या सुरुवातीला क सारखा आणि दोन स्वरांच्या मधे आला की ग सारखा. उलट ताल, थाल, त्ताल या तीन शब्दांत मला फरक कळायला महिना लागला. पहिला चंद्र, दुसरा मुखवटा, तिसरा म्हणजे मुलगी, लेक. ऑन्नीनं माझ्या तोंडासमोर टिश्यूपेपर धरला, थाल म्हणताना तो जोरात हलला पाहिजे, ताल म्हणताना जरासा, त्ताल म्हणताना अजिबात नाही. तीस मिनिटं आम्ही तेवढंच केलं. टायमर वाजला तेव्हा कुठे माझा त्ताल नीट आला आणि तिची स्वतःची त्ताल, सात वर्षांची, दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

तिचीही तीच गत. तिला 'जास्त' म्हणता येईना, ती जेवणातला ज लावायची. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आपण चहा आणि चमचा यातले दोन वेगवेगळे च एकाच अक्षरानं लिहितो आणि कुणी सांगत नाही की कुठे कुठला. मी तिला यादी करून दिली, चूल चाक चांगला एकीकडे, चार चिमणी चेहरा दुसरीकडे. आणि ळ! सगळे म्हणतात परदेशी लोकांना ळ जमत नाही, तर हिला 'बाळ' पहिल्या फटक्यात आलं, कारण त्यांच्याकडे पाण्याला 'मुल' म्हणतात आणि त्यातला शेवटचा ल माझ्या कानाला चक्क ळ सारखा लागतो. पण 'केळं' म्हटलं की मधला ळ तिच्या तोंडात र व्हायचा, कारण दोन स्वरांच्या मधे आला की त्यांचा तो ल र सारखाच होतो. मावशींना मात्र 'केरं' कळलं.

अजून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. कोरियनमध्ये लिहितात एक आणि बोलतात दुसरं असं सुरुवातीला वाटतं आणि लोक तिथेच कंटाळून सोडतात. शंभर म्हणजे पेक आणि दहा हजार म्हणजे मान, मग शंभर गुणिले दहा हजार, म्हणजे आपले दहा लाख, हे लिहिताना पेक-मान असंच लिहितात पण म्हणताना पेंगमान. का? म्हटलं थांब, हे मी कुठेतरी शिकलेय. वाक् अधिक मय बरोबर वाङ्मय! आठवी-नववीतली संधी! क च्या पुढे म आला की क चा ङ. अगदी तोच नियम. दहा म्हणजे सिप, त्याला मान जोडला की सिम्मान, आपला एक लाख. त्यानंतर मला कोरियनचे उच्चारांचे नियम पाठ करावे लागले नाहीत, फक्त संधी आठवायची.

आता क्रियापदं. खरं म्हणजे या सगळ्या लेखाचं कारणच ती आहेत. किमचीच्या त्या दिवसानंतर मी वहीचं नवीन पान काढलं आणि दर वेळी ऑन्नी असं जोडक्रियापद बोलली की शेजारी मराठी लिहायचं, इंग्लिश नाही. चॉगॉ दुसेयो, लिहून ठेवा, कारण दुदा म्हणजे ठेवणे. यॉरॉ जुसेयो, उघडून द्या, जुदा म्हणजे देणे. बॉरिदा म्हणजे टाकून देणे, कचरा टाकतो तसं, आणि मॉगॉ बॉरिदा म्हणजे खाऊन टाकणे. तिच्या मुलीनं माझ्या वाटणीची करंजी खाल्ली तेव्हा ती आईला हळूच म्हणाली "मॉगॉ बॉर्यॉस्सॉ", खाऊन टाकली, आणि त्या 'टाकली' मध्ये जी चुटपूट असते ना, की झालं आता, परत येणार नाही, ती तशीच्या तशी त्यात होती. हे इंग्लिशमध्ये कसं समजावणार तुम्ही मला? पुस्तकात त्याला अर्धं पान लागतं. मराठी माणसाला एक शब्द पुरतो.

आणि घरातून निघताना ते 'जाते' म्हणत नाहीत! कात्ता ओल्केयो म्हणतात, जाऊन येते. माझी आजी नुसतं 'जाते' म्हटलं तर उंबऱ्यावरून परत बोलवायची, 'येते' म्हण म्हणून. मी हे ऑन्नीला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्पच बसली, मग म्हणाली माझी आजी पण.

असणे-नसणेही तसंच. इंग्लिशमधलं 'हॅव' आपल्याकडे नाही, त्यांच्याकडेही त्याचं काम 'आहे'वरच भागतं. मला भाऊ आहे, वेळ आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून चिकटलेले. आमची आई, आमचं घर म्हणतो तसं ते उरी म्हणतात, आणि एकदा ऑन्नी नवऱ्याबद्दल बोलताना 'उरी नामप्यॉन' म्हणाली तेव्हा मी वहीत सरळ लिहिलं, आमचे हे. यावरून कुणी दोन्ही भाषा बहिणी आहेत वगैरे म्हणायला लागलं तर तसं अजिबात नाहीये, घराणी पूर्ण वेगळी आहेत, शब्द तर कुठेच जुळत नाहीत, एकेक घासूनच पाठ करावा लागतो. पण वाक्याची घडी आपल्या हाताला ओळखीची आहे आणि एवढा मोठा फायदा आपण इंग्लिशमधून शिकून घालवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळंच जुळतं असंही नाही. 'नुन' आणि 'गा' हे दोन प्रत्यय आहेत, दोन्ही कर्त्याला लागतात, आणि कधी कुठला हे ऑन्नीला विचारलं तर ती म्हणाली असंच म्हणतात. मला तेव्हा जरा राग आला होता. पण पुढच्याच आठवड्यात तिनं विचारलं 'मी आंबा खाल्ला' मध्ये खाल्ला का, तू तर बाई आहेस ना, आणि मी पण तेच म्हणाले, असंच म्हणतात. म्हणून आम्ही ठरवलं की 'का' विचारायचं नाही, 'कधी म्हणशील' विचारायचं. मग तिनं प्रसंग सांगितले. डबा कुणी केला असं कुणी विचारलं तर चेगा, मी केला. आणि बाकीचे कॉफी घेतायत, मी म्हणशील तर चहा, तिथे चॉनुन. तो 'म्हणशील तर' सापडला आणि माझं काम झालं, आज नव्वद टक्के वेळा बरोबर येतं.

लिंगानं मात्र ती हैराण झाली. कोरियनमध्ये लिंगच नाही, आणि आपल्याकडे तो चहा, ती कॉफी, ते दूध. त्यात तिनं थोडं मराठी ड्रायव्हरदादांकडून उचललेलं, त्यामुळे ती 'मी येतो', 'मी आलो' असं म्हणायची, आणि सोसायटीतल्या एक काकू तिला सारख्या सुधारायच्या. मी कोल्हापूरची. माझ्या आत्या, मावश्या सगळ्या 'मी आलो, मी जातो'च म्हणतात. मी तिला सांगितलं ऑन्नी, माझ्या गावात बायका अश्शाच बोलतात, तू बिनधास्त बोल, पुण्यात काय म्हणतात तेही माहीत असू दे म्हणजे झालं. मग ती म्हणाली मी पण सोलची नाही, बुसानची. आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती तिच्या घरच्या बोलीत बोलली! आवाजच बदलला, चढ-उतार एकदम वेगळे. जेवलीस का हे 'मुगॉन्ना', आणि कुठे, काय असा प्रश्न असला की शेवटी ना नाही, नो, 'ऑदे गानो', कुठं चाललीस. नीट, सांभाळून या अर्थी 'तांदी' असा एक शब्द आहे तिकडे, तो मला इतका आवडलाय की स्कूटर काढताना ती खिडकीतून ओरडायची आणि मला आमच्या दारातच उभी असल्यासारखं वाटायचं.

माणसाला हाक मारायची पद्धत तर शिकावीच लागली नाही. पहिल्याच दिवशी तिनं जन्मसाल विचारलं, ती पाच वर्षांनी मोठी निघाली, म्हणजे मी तिला ऑन्नी म्हणायचं, ताई. नाव घ्यायचं नाही. (मुलगा असेल तर तो मोठ्या बहिणीला ऑन्नी म्हणत नाही, नुना म्हणतो, हे लक्षात ठेवा.) आईच्या बहिणीला इमो, वडिलांच्या बहिणीला कोमो, नणंद वेगळी, जाऊ वेगळी, सगळ्यांना स्वतंत्र शब्द. आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईंनाही इमो म्हणतात, मावशी! दोन-तीन महिन्यांनी मी तिला म्हटलं, ऑन्नी, मला अहो-जाहो नका करू. त्यालाही त्यांच्याकडे नेमका शब्द आहे, 'माल नोउसेयो', बोलणं खाली ठेवा. त्या दिवसापासून ती मला अगं-तुगं करते आणि मी तिला शेवटी 'यो' लावून मानानंच बोलते, तेच मला बरं वाटतं.

आकड्यांबद्दल थोडक्यात. त्यांच्याकडे दोन संच आहेत, स्वतःचे आणि चिनीवरून आलेले, आणि घड्याळात तास एका संचात, मिनिटं दुसऱ्या संचात. हे मला कठीण गेलं. पण दीड, अडीच, पावणेदोन आणि एकोणसाठ यापुढे ते काहीच नाही असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

मावशींशी ती बोलली. ऑगस्टमधली गोष्ट, पाऊस चालू होता, मावशींनी गाडीवर निळं प्लॅस्टिक टाकलेलं. ऑन्नीनं मेथीची जुडी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "मावशी, जेवलात का?" भाव नाही विचारला. तिच्या भाषेत ओळखीच्या माणसाला आधी हेच विचारतात म्हणून. मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "नाय ग बाई अजून, तू जेवलीस?" ती म्हणाली, "मी जेवलो." मावशींनी एक जुडी वरती घातली, पैसे घेतले नाहीत.

गेल्या मार्चमध्ये मिस्टरांची इथली वर्षं संपली आणि ती बुसानला परत गेली. आता शनिवारी सकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल, तिच्याकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, आणि हा साडेदहा तीच मोठ्यानं म्हणते. टायमर अजून लावतो. मी टोपिकच्या, म्हणजे कोरियन भाषा किती येते ते तपासणाऱ्या परीक्षेच्या, पहिल्या पेपरची तयारी करतेय, 200 पैकी 80 मिळाले की पहिली लेव्हल, 140 ला दुसरी, त्यात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं, बोलणं नसतं. माझं बोलणं वाचण्यापेक्षा बरंच पुढे आहे त्यामुळे सध्या वाचनावर जोर.

मागच्या शनिवारी तिनं विचारलं की 'घेऊन बघ' कळतं, पण मग 'बघून घे' म्हणजे काय, आणि ड्रायव्हरदादा फोनवर कुणाला तरी चिडून 'बघून घेईन' म्हणायचे ते कशाला. घेणेला त्यांच्याकडे तसं जोडक्रियापद नाही, 'जेवून घे' साठी तिनं त्यांचं 'ठेवणे' वापरून काहीतरी जमवलं होतं, पण हे त्यात बसेना. मी तीन प्रसंग लिहून काढलेत, चौथा शोधतेय.